डावी कळी

६ जानेवारी २०२६

कळी ११:४२:१७ ला पडली. आज आमच्या वकिलांच्या ऑफिसात मंदिरातलं फुटेज तेरा वेळा पाहिलं. विनोद वकिलांनी तिसऱ्याच वेळी टेबलावर थाप मारली. "मिळालं! देवाचा होकार आहे."

गंगाराम गुरव देवाला पाण्याने दोन कळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. माझा भाऊ स्वरूप बाजूला हात जोडून उभा, चेहरा अर्धा दिसतो. ओठ मिटलेले – कौल मनातल्या मनात मागता येतो, गुरवालाही प्रश्न सांगावा लागत नाही. मग पडद्यावर डावीकडची कळी पडते. देवाचं तोंड आपल्याकडे, म्हणजे ती देवाची उजवी. उजवी म्हणजे हो, डावी म्हणजे नाही.

साडेबाराच्या सुमारास माझ्या भावाने शेजारच्या सोनूकाकीला तिच्याच खळ्यात कोयत्याने मारलं. पोलिसांना म्हणाला, देवाला विचारून केलं. त्यानंतर वकिलांनी कितीदा विचारलं तरी हेच एक वाक्य.

वकील म्हणतात, आजार कागदांवर आहे, पण कायद्याला तेवढा पुरत नाही. त्या क्षणी आपण करतो ते चूक आहे हे त्याला कळत नव्हतं, असं दाखवावं लागेल. देवाने हो म्हटलंय असं मानणाऱ्याला चूक कशी कळणार? "समोरचे म्हणतील, कौल लावणं हा वेडेपणा असेल तर निम्मा जिल्हा वेडा. म्हणू देत."

मंदिरातला कॅमेरा आणि सभामंडपातला टीव्ही मी बसवलेला, माझा धंदाच तो. म्हणून फुटेज खरं असल्याचं प्रमाणपत्र माझ्या सहीचं आणि साक्षही माझी. १९ तारखेला.

९ जानेवारी

वकिलांना लिहून हवं होतं: खुनाआधी स्वरूप कसा वागायचा. फक्त पाहिलेलं. अंदाज नको.

ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईची नोकरी सोडून घरी आला. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू होत्या. गणपतीनंतर आईने बंद केल्या – "देवाला गाऱ्हाणं घातलंय, आता गोळ्या कशाला?" मी वाद घातला नाही. (हे शेवटचं वाक्य लिहून दिलं नाही.)

माझ्या कामाच्या मीटरच्या वायरी कापल्या. देव आपल्याशी बोलतो म्हणायचा. घरात विष येतंय, बाईमाणसाच्या हातून येतंय, ते काढून टाक. आईच्या हातचं खायचा. दोघींच्या हातचं नाही – माझ्या आणि सोनूकाकीच्या. काकी पेज घेऊन यायची, हा उंबऱ्यावर ओतायचा. ती हसायची. "माजी पेज गोड लागत नाय, तर बायको आण रे मेल्या."

त्या दिवशी, रविवारी, बाराला घरी आला. मी सोल्डरिंग करत होते. दारात उभा राहिला. बराच वेळ. हातात कोयता, लाकडं तोच तोडायचा, त्यामुळे त्यात विशेष काही नव्हतं. म्हणाला, "ताई, तुझं काय नाय." पाणी प्यायला. गेला.

'तुझं काय नाय' हे वाक्य वकिलांनी खोडलं. अर्थ लागत नाही म्हणाले.

११ जानेवारी

गावी. मंदिरात गेले, उगाच.

गंगाराम गुरव सभामंडपातल्या पडद्याखाली वाती वळत बसला होता. "बाय, तुझ्या टीव्हीनं लय सोय झाली. आता मागं बसलेल्यांची भांडणं नाय."

कसली भांडणं, ते एकदम आठवलं. पडदा लावला त्या आठवड्यात त्यानेच तक्रार केली होती – देवाची उजवी पडद्यावर डावीकडे दिसते, मागे बसलेले हो की नाही यावरून भांडतात. मी सेटिंगमध्ये जाऊन मिरर चालू केला. देवाची उजवी पडद्यावरही उजवीकडे. दोन मिनिटांचं काम. रेकॉर्डिंगही तेव्हापासून तसंच होतं.

म्हणजे पडद्यावरची डावी ती देवाचीही डावी.

देव नाही म्हणाला होता.

आमचा देव म्हणजे साधा पाषाण. हात नाहीत, शस्त्र नाही. चित्र उलटं आहे हे बाहेरच्याला कळणार नाही. पण फुटेजमध्ये स्वरूपचं घड्याळ उजव्या मनगटावर आहे. तो डाव्यात घालतो. तेरा वेळा पाहिलं मी!

गुरवाला त्या दिवसाचं विचारलं. "दिवसाला धा जण कौल लावतात. काय काय ध्यानात ठेवू?"

१२ जानेवारी

देव नाही म्हणाला आणि तरी मारलं. म्हणजे देवाचंही ऐकलं नाही. म्हणजे चूक आहे हे कळत होतं. सरकारी वकिलांना एवढंच पुरे. जन्मठेप.

मिररचं मला सोडून कोणालाच माहीत नाही. गुरवाला फक्त "सोय झाली" एवढं माहीत आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. घरी सण नाही, तरी आईने चार लाडू वळले. तिला सांगितलं.

"तुला कोण विचारतंय त्या मिररचं?"

"कोणी नाही."

"मग गप बस. गोळ्यांच्या वेळेला बसलीसच ना?"

१६ जानेवारी

लांज्याच्या स्टँडवर शालन भेटली. सोनूकाकीची मुलगी. टाळता आलं नाही, बाक एकच होता.

"फाशी होऊ दे असं माझं म्हणणं नाय," ती म्हणाली. "पण तुमचा वकील सांगत फिरतोय, देवानं होकार दिला. गाव आता काय बोलतं, ठाऊक आहे? देव उगाच हो म्हणेल काय, म्हातारी करणी करीतच असणार. आई मेली ती मेली. तिला चेटकीण पण करून टाकलीत."

माझ्याकडे उत्तर होतं. रत्नागिरीची गाडी लागली, मी चढले.

१८ जानेवारी

वकिलांना आधी सांगितलं तर ते मला वगळतील, प्रमाणपत्र दुसऱ्या कोणाचं घेतील. फुटेज राहील, होकारही राहील. सांगायचं तर कोर्टातच.



१९ जानेवारी

सांगितलं. "चित्र आडवं उलटलेलं आहे. ते सेटिंग मी केलं. कळी देवाच्या डावीकडे पडली."

विनोद वकिलांनी पेन टोपण लावून खिशात ठेवलं. सरकारी वकिलांनी एकच प्रश्न विचारला. "डावी म्हणजे नकार?" हो म्हटलं. मागच्या बाकावर शालनने पदर तोंडाला लावला.

स्वरूप माझ्याकडे बघत होता. त्याने मान हलवली. बरोबर आहे, अशी.

गाडीत आई माझ्यापासून दोन बाकं पुढे जाऊन बसली.

२४ जानेवारी

जेलमध्ये स्वरूपची भेट. मध्ये काच, कानाला फोन. गोळ्या आता वेळेवर मिळतात. बोलणं सावकाश, पण सरळ. खटल्याचं काही बोलायचं नाही अशी वकिलांची ताकीद होती. आज ते आमचे वकील राहिले नाहीत. म्हणून पहिल्यांदाच विचारलं – त्या दिवशी देवाला नेमकं काय विचारलंस?

"तुझंच विचारलेलं ना, ताई. विष तुझ्या हातचं काय म्हणून." फोन दुसऱ्या कानाला लावला. "देव नाय म्हणाला. मग दुसरी एकच राहिली."