पानाला टोक येत नाही

॥ श्री ॥

ठाकूरद्वार, गिरगाव
५ नोव्हेंबर २०२४

ती. नलूताईस,
सुचित्राचा शि. सा. न. वि. वि.

शेजारची मनू जवळ बसली असेल तर तिला चहा टाकायला पाठव आणि मगच पुढे वाच. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नाही. तुला ऐकू जाण्याइतकं ओरडले, तर अख्ख्या चाळीला कळेल.

गेल्या गुरुवारी चार वाजता नेहमीच्या बायका सुया घेऊन दुकानात जमल्या. लालबागच्या रमाबाईंनी सुनेसाठी लांब बाह्यांचा स्वेटर काढलाय. आरोही, ती कॉम्प्युटरवाली, क्रोशाची अस्वलं करते ती, माझ्यामागे लागली की आईची पिंपळपानाची वीण शिकवाच. मी टाके घातले आणि थांबले. हातात सुया, समोर नऊ बायका, आणि मला पहिली ओळच आठवेना. चष्मा घरी राहिला असं सांगून वेळ मारून नेली. चष्मा नाकावरच होता, ताई. त्या गेल्यावर सुया हातात घेतल्या, तर हातांनी आपोआप अख्खं पान विणून काढलं.

हे एकदाच झालं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण परवा दहा नंबरच्या सुया कुठल्या खोक्यात आहेत ते आठवेना, आणि विनीतला मी अप्पा म्हणून हाक मारली. स्वतःच्या मुलाला आपल्या वडिलांचं नाव! आईचं असंच सुरू झालं होतं. तेव्हा ती सदुसष्टची होती, मी आता सहासष्टची. मला फार भीती वाटतेय.

विनीतला यातलं काही कळू द्यायचं नाही. दुकान बंद कर आणि मुलुंडला राहायला ये, हे त्याचं पालुपद चालूच आहे. हे कळलं की दुसऱ्या दिवशी शटर खाली येईल. एकोणचाळीस वर्षं ज्या गल्ल्यामागे बसले, तिथून उठून त्याच्या सोफ्यावर दिवसभर काय करू?

म्हणून एक परीक्षा घ्यायची ठरवली आहे. आईची वीण कधीच कुणी लिहून ठेवली नाही. ती मी डोक्यातून कागदावर उतरवली आहे. सतरा टाक्यांचं एक पान, बारा ओळी. मी स्वतः विणून उपयोग नाही, कागदावर काहीही असलं तरी माझे हात बरोबरच विणणार. तू कागद बघून विण. आईचं पान तुझ्याइतकं ओळखणारं दुसरं कोणी नाही. पान बरोबर आलं तर माझं डोकं शाबूत आहे. लोकर सोबत पाठवली आहे, तुझ्या आवडीची मोरपंखी.

लोभ आहेच, तो या दिवसांत जरा जास्त असू द्यावा.

तुझी
सुचित्रा

•

॥ श्री ॥

गुहागर
१४ नोव्हेंबर २०२४

चि. सुचित्रास,
नलूताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

एक ओळ आठवली नाही म्हणून चार पानी पत्र! अगं, तू दुसरीत असताना दप्तर चौपाटीवर विसरून आली होतीस आणि वर शाळेलाच सुट्टी आहे म्हणून सांगितलं होतंस. विसराळू तू जन्मापासून आहेस. आईच्या आजाराशी त्याचा काही संबंध नाही. घाबरू नकोस.

सुया किती वर्षांनी धरल्या! पडवीत बसून विणलं. आता वाईट वाटून घेऊ नकोस, पण पान काही नीट आलं नाही. सुरुवात छान झाली, आईचंच पान वाटलं. पुढे ते नुसतं लांबत गेलं, टोक येईना. पान कसलं, पडवळ झालं ते. पाचव्या ओळीनंतर तू काहीतरी लिहायला विसरली असशील. घाईत होतं असं. पुन्हा एकदा शांतपणे लिहून पाठव.

इकडे एक आनंदाची बातमी. मनूच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा चिपळूणचा, बँकेत आहे, मिशी तेवढी फार मोठी आहे.

जेवण वेळेवर घेत जा. माझी माया तुझ्या पाठीशी आहेच, हे निराळं सांगायला नको.

तुझी
नलूताई

•

॥ श्री ॥

गिरगाव
२० नोव्हेंबर २०२४

ती. नलूताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र उभ्याने वाचायला घेतलं आणि पडवळापर्यंत आल्यावर स्टुलावर बसले. एरवी किती हसले असते. समोर एक बाई बाळाच्या टोपीसाठी पांढरी लोकर मागत होती आणि मी तिच्या हातात पिवळी दिली.

ज्या कागदावर मी माझी सगळी भिस्त ठेवली होती, तोच चुकला. आणि वाईट हे, की मला तो अजूनही बरोबर वाटतो. माझ्याकडच्या प्रतीवरून दहादा बोट फिरवलं. आईलाही तसंच वाटायचं ना? ती बरोबर आणि आपण सगळे चूक.

आता मी सगळ्या खोक्यांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत. रमाबाईंनी त्या बघितल्या आणि विचारलं, की गो बाय, दुकान विकतंस की काय. मी म्हटलं साफसफाई काढली आहे. जाताना त्या माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. तेव्हापासून वाटतं, सगळ्यांना कळलंय आणि फक्त मलाच कुणी सांगत नाही. कुलूप लावते, कोपऱ्यापर्यंत जाते, परत येऊन ओढून बघते. काल तीनदा परत आले.

सोबत नवा कागद आहे. भर दुपारी, एकेक ओळ विणून, मग लिहून, मग पुन्हा मोजून केला आहे. याहून जास्त काळजी मला घेता येणार नाही. सावकाश विण, आणि जे काही होईल ते, दोन्ही वेळचं, माझ्याकडे पाठव. आठ डिसेंबरला विनीत येणार आहे. हाही कागद चुकला तर मी स्वतःच त्याला सांगेन आणि किल्ल्या त्याच्या हातात देईन.

माझ्यावर रागावू नकोस. आहे तशी मला धरून ठेव.

सुचित्रा

•

॥ श्री ॥

गुहागर
२९ नोव्हेंबर २०२४

चि. सुचित्रास,
अनेक आशीर्वाद.

या वेळी चेष्टा करवत नाही. चार दिवस विणलं. कागद समोर, चष्मा पुसून, एकेक शब्द वाचून. पहिलं पान थोडं बरं आलं, आणि मी देवाला साखर ठेवली. दुसरं पुन्हा लांबत गेलं. मी उसवलं नाही, तुला बघायचं आहे म्हणून दोन्ही वेळचे तुकडे तसेच वेगळे कुरिअरने पाठवते आहे.

सुचित्रा, मला भीती वाटू लागली आहे. पहिल्या पत्राला मी हसले, त्याचं आता वाईट वाटतं. विनीतला सांग. डॉक्टरकडे जा. आईच्या वेळी आपण दोन वर्षं वाया घालवली, वय झालंय म्हणत राहिलो. तुझ्या बाबतीत मी तसं होऊ देणार नाही. दुकानाचं मला कळतं गं. पण दुकानापेक्षा तू मोठी.

इकडे बाकी ठीक. हो, एक आनंदाची बातमी सांगायची आहे. मनूच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा चिपळूणचा, बँकेत आहे, मिशी तेवढी फार मोठी आहे.

देव तुला सांभाळो. मी आहे, हे लक्षात ठेव.

नलूताई

•

॥ श्री ॥

गिरगाव
६ डिसेंबर २०२४

चि. अवधूत यास,
सुचित्रा मावशीचे अनेक आशीर्वाद.

बडोद्याला तुला पत्र येतं म्हणजे काय झालं असेल, असं वाटून दचकू नकोस. तुझी आई धडधाकट आहे. फोन केला असता, पण हे बोलताना मला रडू आवरणार नाही.

महिनाभर मला वाटत होतं की माझी स्मृती चालली आहे, तुझ्या आजीची गेली तशी. म्हणून मी एक वीण लिहून तुझ्या आईकडून विणून घेत होते. दोन्ही वेळा पान चुकलं, आणि मी विनीतला किल्ल्या द्यायच्या तयारीला लागले होते. गेल्या आठवड्यात माझ्याकडची दुसऱ्या कागदाची प्रत गल्ल्यावर राहिली. आमच्या आरोहीने तिचा न विचारता फोटो काढला आणि बायकांच्या ग्रुपवर टाकला. काल गुरुवारी नऊ जणींनी पिशव्यांतून नऊ पानं काढून माझ्यापुढे ठेवली. मला चकित करायचं म्हणून. नऊच्या नऊ बरोबर होती. टोकासकट. रमाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कागदावरून विणलं, त्यांचंही. मी सगळ्यांदेखत रडले. अर्धा तास माझ्याइतकी सुखी बाई गिरगावात नव्हती.

मग कुरिअर आलं. तुझ्या आईचे तुकडे.

ते दारापाशी उजेडात धरले. अवधूत, विणलेलं वाचता येतं. पाचवी ओळ आहे, सहावी आहे, मग पुन्हा पाचवी. पुन्हा सहावी. पुन्हा पाचवी. मी सुईच्या टोकाने मोजलं, अकरा वेळा. विणकाम खाली ठेवून ती चहाला उठत असेल, कुणाशी दोन शब्द बोलत असेल, आणि परत बसल्यावर पाचवी ओळ पहिल्यांदाच विणायला घेत असेल. पहिल्या तुकड्यात तसं, दुसऱ्यातही तसं. तिने पाठोपाठच्या दोन पत्रांत मनूच्या मुलीच्या लग्नाची बातमी त्याच शब्दांत लिहिली आहे. मी दोन्ही वाचली आणि माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी माझ्याच भीतीत बुडाले होते.

ती तिथे एकटी राहते. गॅस पेटवते, विहिरीवर जाते. रजा काढ आणि तिला चांगल्या डॉक्टरकडे ने. तोवर तिला काही बोलू नकोस. मी तिला काय सांगायचं ते सांगते.

तुझ्यावर माझा जीव आहे, म्हणूनच इतकं स्पष्ट लिहिलं.

मावशी

•

॥ श्री ॥

गिरगाव
६ डिसेंबर २०२४

ती. नलूताईस,
शि. सा. न. वि. वि.

चूक सापडली! माझीच होती. सातव्या ओळीपासून पान निमुळतं करायचं, तेच दोन्ही कागदांत लिहायचं राहिलं. तू विणलंस ते कागदाप्रमाणे अगदी बरोबर होतं. डॉक्टरना दाखवलं, ते म्हणाले की या वयात एवढं चालायचंच. तेव्हा तू मुळीच काळजी करू नकोस.

आता एक कर. थंडीचे दोन महिने इकडे राहायला ये. मला सोबत होईल. गुरुवारी दुकानात बसशील, बायकांना आईच्या गोष्टी सांगशील. नाही म्हणू नकोस.

तुझ्या येण्याकडे डोळे लावून बसलेली,
सुचित्रा

•

॥ श्री ॥

गुहागर
१४ डिसेंबर २०२४

चि. सुचित्रास,
ताईचे आशीर्वाद.

तुला खोटं बोलता येत नाही, शाळेच्या सुट्टीचं बोललीस तेव्हाही येत नव्हतं. तुझे दोन्ही कागद माझ्या पोथीत आहेत. सातवी ओळ दोन्हींत आहे. निमुळतं कसं करायचं ते आहे, तुझ्या अक्षरात, खाली रेघ मारून.

मी त्यातला दुसरा कागद काढून समोर ठेवला. मग मनूला बोलावलं. तिच्यापुढे रिकामी वाटी ठेवली, शेजारी चिंचोके ठेवले, आणि सांगितलं की माझी एक ओळ झाली की एक चिंचोका वाटीत टाक, मला काही बोलू नकोस. मी विणत गेले. मध्ये दूधवाला आला, मध्ये मांजर आलं. आठ ओळी झाल्या असं वाटल्यावर मी वाटी ओढून मोजलं. एकवीस चिंचोके होते.

मनू मान खाली घालून बसली होती. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, की मी तिला एकच गोष्ट दिवसातून तीन-चारदा सांगते. वर्ष होऊन गेलं म्हणे. ती दर वेळी ऐकून घेते.

सुचित्रा, मी तुला घाबरू नकोस असं लिहिलं होतं. किती सहज लिहिलं! आता मला कळतं आहे. पुढची ओळ कागदावर असते, मागची मी विणली की नाही ते कुठेच लिहिलेलं नसतं. मी फार घाबरले आहे. दुसऱ्या कुणापाशी हे कबूल केलं नाही, अवधूतपाशीही नाही. तो काल अचानक येऊन दाखल झाला आहे आणि माझ्याकडे बघून सारखा हसतो आहे, तेव्हा त्याला तूच पाठवलं असणार.

मी येते. पुढच्या शनिवारी तो मला घेऊन निघेल. दवाखाने, तपासण्या, सगळं तुम्ही म्हणाल तसं करीन, हट्ट करणार नाही. एकच मागते, आणि ते आज डोकं ठिकाणावर असताना लिहून ठेवते. आई तेच तेच विचारायची, तेव्हा आपण दोघी म्हणायचो, आत्ताच सांगितलं ना. दर वेळी म्हणायचो. त्यावर तिचा चेहरा कसा व्हायचा ते तू विसरली असशील, मी नाही. मला तसं म्हणू नकोस. मी दहाव्यांदा विचारलं तरी पहिल्यांदा विचारल्यासारखं सांग.

लोभ कायम ठेव, माझ्या वाटचाही तूच सांभाळ.

तुझी
नलूताई