फुगलेल्या गालांचे पहिले बक्षीस परत घेणेबाबत

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी साहेब,
सुदृढ बालक स्पर्धा कक्ष,
प्रभाग कार्यालय, शेवंता ले-आउट, नागपूर.

अर्जदार: सौ. दीप्ती अमोल गायधने, राहणार तेथीलच.

विषय: माझी मुलगी कु. भूमिका, वय चार वर्षे, हिला मिळालेला सुदृढ बालक स्पर्धेतील पहिला क्रमांक रद्द करणेबाबत.

संदर्भ: १) आपले अभिनंदनपत्र. २) चौकातला फ्लेक्स.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, माझी मुलगी सुदृढ नाही. तिला रक्ताचा कॅन्सर आहे. दवाखान्यात त्याला ल्युकेमिया म्हणतात. आपण ज्या गालांना पहिला नंबर दिला ते तिचे नसून स्टेरॉइडच्या गोळ्यांचे आहेत. बक्षीस द्यायचेच असेल तर ते गोळीच्या नावाने काढावे.

१. हे घडले कसे, ते आधी सांगते. अंगणवाडीच्या मीराबाई वजनकाटा घेऊन घरोघरी फिरत होत्या तेव्हा मी औषधे आणायला गेले होते. घरी माझ्या सासूबाई मनकर्णाबाई होत्या. आमच्याकडे आजार कोणाला सांगितलेला नाही. सासूबाईंचे म्हणणे, "लोकाइले काय सांगायचं? पोरीची जात आहे, उद्या लग्नात आडवं येईन." लग्न अजून वीस वर्षे लांब आहे, पण तयारी आतापासून. सबब मीराबाईंनी तिची टोपी काढून केस कुठे गेले विचारले तर नवस फेडला, आणि गाल कुठून आले विचारले तर घरचं तूप. मीराबाईंनी वजन केले, तसाच बिनटोपीचा मोबाइलवर फोटो काढला आणि गेल्या. त्यांचा दोष नाही. काट्याला काय माहीत, कशाचे वजन आहे ते.

२. आपल्या परीक्षकांनी गालाच्या खालीही नजर टाकली असती तर बरे झाले असते. पोट डेऱ्यासारखे आणि हातपाय अगरबत्तीच्या काड्या. एका इंजेक्शनाने पायातला जोर गेला आहे, डावे पाऊल घासत चालते. मध्यंतरी तोंड असे आले होते की पाणी प्यायलाही रडायची. आणि आता गोळ्या सुरू असल्यावर भूक अशी की कोथिंबिरीची सांबारवडी तळून होईपर्यंत धीर नाही, कढईशीच भांडते. राग तर विचारू नका. आजोबांना म्हणते, "भाग इथून!" आजोबा, म्हणजे आमचे नत्थूजी, ज्यांच्यासमोर माझे यजमान अजून खुर्चीवर बसत नाहीत, ते मुकाट्याने दुसऱ्या खोलीत जातात. थोड्या वेळाने तीच माझ्या मांडीत येते आणि विचारते, "आई, मी काहून चिडून राहिली वं?" साहेब, या प्रश्नाला आपल्या पत्रकात रकाना नाही.

३. हे फक्त लहान मुलांचे होते असे नाही. दवाखान्यात रक्त तपासायच्या रांगेत सावनेरचे चंपतराव भेटतात, कोळसा खाणीतून रिटायर झालेले. आजार तोच, गोळ्याही त्याच. त्यांचेही गाल असेच फुगले, साखर वाढली, हात थरथरतात. पण त्यांना कोणी सुदृढ म्हटले नाही. उलट जावयाने सगळ्यांसमोर विचारले, "मामाजी, पुन्हा सुरू केली काय?" भूमिकेच्या बक्षिसाचे ऐकून ते म्हणाले, "पोरी, तुया साहेबाले विचार, म्हाताऱ्याइची स्पर्धा कधी हाये." मी विचारते असे सांगितले होते, सबब विचारले.

४. आता गाऱ्हाणे. माझे यजमान अमोल हिंगण्याहून शिफ्ट सुटून येताना चौकात थांबले, तर त्यांची मुलगी फ्लेक्सवर हसत होती, खाली आपले नाव मोठ्या अक्षरांत, तिचे लहान अक्षरांत. दुसऱ्या दिवसापासून दारात बाया. कोणी तुपाचा भाव विचारते, कोणी लाडवांची कृती. येणारी प्रत्येक जण आधी गाल ओढते, मग बोलते. पांढऱ्या पेशी कमी असल्याने डॉक्टरांनी तिला गर्दी, हार-फुले आणि परक्यांचे हात यांपासून लांब ठेवायला सांगितले आहे. ताप आला की थेट भरती. आणि आपले पत्र म्हणते की रविवारी सभागृहात पाहुणे तिला कडेवर घेऊन हार घालतील. साहेब, पाहुण्यांना सर्दी असेल तर? नसली तरी नको.

५. तरीही मी गप्प बसले असते. ताप आल्याचे खोटे सांगून रविवार टाळला असता. घरात खोट्याचा सराव झालाच आहे. पण काल दुसऱ्या क्रमांकाच्या सौरवची आई श्वेता आली. सासूबाई बोलता बोलता म्हणून गेल्या होत्या की पोरीला ताकदीची गोळी देतो. श्वेताने मला बाजूला घेऊन विचारले, "दीप्ती, त्या गोळीचं नाव सांग ना. पुढच्या साली आमचा पहिला आला पाहिजे." तिचा सौरव खिडकीच्या गजाला माकडासारखा लोंबकळतो, दिवसभर घसा फुटेस्तोवर ओरडतो. आणि ती त्याला माझ्या मुलीसारखे करायला निघाली होती. मी तिला तिथेच सगळे सांगितले. ती रडली, मी रडले, सौरवने तेवढ्यात आमची कुंडी फोडली.

सासूबाई आतून ऐकत होत्या. मला वाटले, आता घर डोक्यावर घेतील. त्या बाहेर आल्या, कुंडीची माती गोळा केली आणि म्हणाल्या, "सांग मंग साऱ्याइले. पन माया पोरीले कोनी बिचारी म्हनू नका म्हना."

सबब नम्र विनंती की,

अ) पहिला क्रमांक सौरवला द्यावा. तो खराच सुदृढ आहे, कुंडीचा पुरावा उपलब्ध आहे.

आ) रविवारी मंचावरून खरे कारण सांगावे आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणीही मुलांना वजन वाढवायची गोळी देऊ नये, हेही सांगावे. "बिचारी" हा शब्द भाषणात कुठेही येऊ नये.

इ) फ्लेक्स मात्र काढू नये. ही मागणी वरच्या सगळ्याला सोडून आहे, मला कळते. पण जिन्यातली मुले टकली म्हणायची म्हणून ती घरातही टोपी काढत नव्हती. दवाखान्यात जाताना रिक्षातून तिने तो फ्लेक्स पाहिला. टोपी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आई, मी टकली बी पहिली आली." त्यानंतर टोपी खुंटीवर आहे. फ्लेक्स उन्हाने विटेपर्यंत तिचे केस येतील असा अंदाज आहे.

ई) पुढच्या साली मीराबाईंना पुन्हा आमच्याकडे पाठवावे. मी घरीच असेन. तेव्हा तिचे गाल बसलेले असतील, वजन उतरलेले असेल आणि ती काट्यावर उभी राहायला तयार नसेल, कारण खाली खेळायला जायची घाई असेल. ती शेवटून पहिली आली, तर आपल्या कार्यालयात पेढे मी वाटीन.

भूमिकेचे सलाईन संपत आले आहे, सिस्टर हाक मारत आहेत. थांबते.

आपली नम्र आणि घाईतली,
सौ. दीप्ती अमोल गायधने
(विजेतीची आई, रविवारपर्यंत)

नागपूर, दि. ११ सप्टेंबर २०२५

सोबत:
१) डॉक्टरांचे प्रमाणपत्र.
२) भूमिकेचा आजाराआधीचा फोटो. हडकुळी आहे, पण पूर्ण तिचीच आहे. पाहून परत करावा.