तुम्ही नेलेला सोऱ्या

आबा, तुम्ही माझ्या हातातला सोऱ्या काढून नेलात, त्याचा राग अजून आहे.

नाताळच्या फराळाचे दिवस. मी स्टोव्हपुढं चकल्या पाडतेय आणि पडवीत तुम्ही त्यांना जुन्या कराराची हिब्रू शिकवताय. ते तेव्हा फक्त तुमचे विद्यार्थी, दर शनिवारी जयसिंगपूरहून एसटीनं येणारे. पुढं माझे यजमान झाले. शब्दाची रूपं त्यांना ओळखता येईनात, म्हणून तुम्ही आत येऊन पीठ भरलेला सोऱ्याच उचललात. "पीठ एकच. चकती बदलली की चकलीची शेव होते. तशी ही तीन अक्षरं, म, ल, क. मेलेख म्हणजे राजा, इथं क चाच ख ऐकू येतो. मल्का म्हणजे राणी." त्यांना उमगायला वेळ लागला. मला आत, तापल्या तेलापुढं, तेव्हाच कळलं होतं.

"आबा, मलाबी शिकवा की."

"तुला काय करायचंय गं? तेल बघ जा."

ते हसले. "बसू द्या की त्यांनाबी. माझ्या वाटणीची बोलणी तरी निम्मी हुतील."

तुम्ही ऐकलं नाहीत. लग्नानंतर माहेरी आलो की जावयाला विचारायचात, वाचन कुठवर आलं. मला विचारायचात, चहा झाला का. तुमचं व्याकरणाचं पुस्तक, कोश, सगळं त्यांनाच दिलंत. ज्या माणसावर माझा जीव, त्याचाच मला हेवा वाटायचा. हे कुणाला सांगणार?

हे गेल्यापासून ती पुस्तकं माझ्याकडे आहेत. सकाळची भांडी झाली की घेऊन बसते. लिपी माझी मीच शिकले. काल 'मम्लाखा' हा शब्द आडवा आला. त्याच्या पहिल्या दोन म वरून कोश धुंडाळत बसले, सापडेना. मग सोऱ्या आठवला. पहिला म चकतीचा, पिठाचा नव्हेच. तो काढला, शेवटचा आ काढला, तर आत तुमचीच तीन अक्षरं. राज्य.

तुम्ही दोघं आता एकाच ठिकाणी असाल. शनिवारसारखे बोलत बसला असाल, आणि मी इथं, पुन्हा आतल्या खोलीत. त्याचाही हेवा वाटतो.

हे पाठवायचं नाहीच, म्हणून सांगते. इतकी वर्षं वाटायचं, एक शब्द माझा मी सोडवावा आणि तुम्हाला दाखवावा. काल तो सुटला तेव्हा मी पुस्तक हातात घेऊन पडवीकडं वळले आणि म्हणाले, "अहो, हे बघितलंत का?"

तुम्हाला मी कधी अहो म्हणत नव्हते.