मावशीची ‘स्त्री’ म्हणून नोंद झाल्याबद्दल तक्रार

दिनांक : ४ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. शिल्पनोंद अधिकारी साहेब,
प्राचीन मूर्ती व अवशेष नोंद कक्ष,
अंबरनाथ.

विषय : मौजे चिंचखोरे येथील मिशीवाल्या मूर्तीबाबतचा माझा मागील अर्ज आपण मंजूर केल्यामुळे उद्भवलेल्या अडचणीबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज दि. ११ नोव्हेंबर २०२४
२) आपले दुरुस्तीपत्र दि. ६ जानेवारी २०२५

महोदय,

वरील विषयास अनुसरून मी, वेणूबाई हिरामण भोईर, वय ६८, राहणार चिंचखोरे (वांगणी स्टेशनपासून रिक्षाने वीस मिनिटे), व्यवसाय भातशेती व धवलारीण, म्हणजे आमच्या आगरी लग्नांत धवले गाऊन विधी लावणारी बाई, आपणांस कळवू इच्छिते की, आपण माझे म्हणणे ऐकून घेतलेत याबद्दल मी आपली ऋणी आहे. परंतु ते ऐकायला नको होते.

१. आमच्या गावच्या पडक्या शिवमंदिराच्या मागील भिंतीवर आठ-नऊशे वर्षांपूर्वीची एक राक्षसमूर्ती कोरलेली आहे. तोंड सिंहाचे, सुळे बाहेर, पिळदार मिशी आणि मिशीखाली भरघोस स्तन. एका हातात तलवार, दुसऱ्यात आरसा. कमरेभोवती कारागिराने नागाचे वेटोळे घातले असल्याने खालच्या बाजूने काही खुलासा होत नाही. गाव तिला मावशी म्हणते. कोणाच्याही घरी हळद असली की पहिली हळद मावशीच्या छातीला व मिशीला लागते, मग नवरीला. शिडी चढून ती लावण्याचा मान धवलारणीचा. तो मला सासूकडून आला व मी एकेचाळीस वर्षे चालवला.

२. गेल्या वर्षी आपल्या कक्षाचे श्री. मिलिंद पाहणीस आले. त्यांच्या छापील तक्त्यात ‘पुरुष’ व ‘स्त्री’ असे दोनच चौकोन होते. ते बराच वेळ मान वर करून उभे राहिले, घाम पुसला आणि मंदिर समितीचे अध्यक्ष दौलतराव यांचे मत घेतले. दौलतराव म्हणाले, “मिशी हाय, म्हंजे बाप्याच.” त्यावरून ‘पुरुष’वर खूण झाली व पुढे शेरा पडला : ‘छातीवर दोन उंचवटे, कारण अज्ञात.’ साहेब, सदर कारण गावातल्या रांगत्या मुलासही ज्ञात आहे.

३. या नोंदीचा आधार घेऊन दौलतरावांनी पाटी लावली : ‘महादैत्य. महिलांनी स्पर्श करू नये.’ शिवाय पुरुषाने असे उघडे राहणे बरे दिसत नाही म्हणून उल्हासनगर कॅम्प ४ मधून चंदर नावाच्या शिंप्यास बोलावून मूर्तीसाठी जीन्सचे जाकीट शिवायला टाकले. चंदरशेठ शिडीवर चढून माप घेताना मला म्हणाले, “चाची, ये जेंट्स में लिखूं के लेडीज में?” मी म्हटले, “अध्यक्षांना विचारा.” त्यांनी जेंट्समध्ये लिहिले. जाकिटाची बटणे लागली नाहीत. बळेच लावली तेव्हा तीन तुटली व एक दौलतरावांच्या कपाळाला लागले. हे पाहून मला मनापासून आनंद झाला, हे मी लपवत नाही.

४. मिशी हाच पुरावा धरायचा, तर माझ्या ओठावर पन्नाशीनंतर आलेली मिशी दौलतरावांपेक्षा दाट आहे. माझी चार बाळंतपणे झालेली आहेत. ही सर्व हकीकत मी संदर्भ १ च्या अर्जात मांडली व मूर्तीची नोंद ‘स्त्री’ अशी करून मागितली. आपण ती केलीत. मी गावात पेढे वाटले.

५. दुसऱ्याच दिवशी दौलतरावांनी पाटी बदलली : ‘देवी. पुरुषांनी स्पर्श करू नये.’ जाकीट काढून नऊवारी नेसवली. एवढ्यावर न थांबता समितीने ठराव केला की, मूर्ती स्त्री असल्याने तिची मिशी हा नंतर कोणीतरी केलेला खोडसाळपणा आहे, सबब ती छिन्नीने काढून टाकावी. पाथरवट १८ फेब्रुवारीस येणार आहे.

६. आता माझी खरी अडचण. माझी नात स्वप्नाली हिची हळद २० फेब्रुवारीस आहे. माझे दोन्ही गुडघे गेले असून मला शिडी चढवत नाही. माझा मान ज्याच्याकडे जायचा तो माझा शिष्य दिपेश. वय ३१, बदलापुरात मोबाइल दुरुस्तीचे दुकान. बारा वर्षे माझ्याजवळ बसून त्याने सगळे धवले पाठ केले. तो हिरव्या बांगड्या भरून मांडवात गायला बसला की चार सुना पदर डोळ्याला लावतात, आणि त्याच घरची माणसे त्याच्या माघारी हसतात. “तू नक्की कोण रे?” असे त्याला तोंडावर विचारणारेही आहेत. मावशीला असे नऊशे वर्षांत कोणी विचारले नव्हते. म्हणून तो लहानपणापासून मार खाल्ला की तिच्या पायाशी जाऊन बसे. पहिल्या नोंदीने मी बाहेर पडले, दुसरीने दिपेश. पहिली दौलतरावांनी करवली, दुसरी मी. मला स्वतःचा फार राग येतो, साहेब. मी दौलतरावांच्या तोंडावर आपले पत्र फडकवले तेव्हा दिपेश माझ्या शेजारीच उभा होता.

७. सबब विनंती की, संदर्भ २ चे पत्र रद्द करावे. मिशीस हात लावण्यास मनाई करावी. आणि धवलारीण म्हणून जो कोणी हळद घेऊन उभा राहील त्यास शिडी चढू द्यावी. तक्त्यात तिसरा चौकोन छापण्यास वरून मंजुरी लागत असल्यास दोन्ही चौकोनांत खूण करावी. तक्त्याचा एक कागद बाद होईल, पण मूर्ती राहील.

८. हा अर्ज पाठवण्यापूर्वी मी दिपेशला वाचायला दिला. वर समासात ‘हवी ती नोंद’ यापुढे मी ‘दोन्ही’ असे लिहिले होते. त्याने माझे पेन मागून घेऊन तो शब्द खोडला आणि वर लिहिले : ‘जशी आहे तशी.’ माझी मागणी तीच समजावी. खाडाखोडीबद्दल क्षमा असावी. अर्ज नव्या कागदावर उतरवून ती खाडाखोड मी काढणार नाही.

आपल्या उत्तराची १८ तारखेच्या आत वाट पाहणारी,
वेणूबाई हिरामण भोईर
धवलारीण, मौजे चिंचखोरे

सोबत :
१) चंदरशेठ यांची मापाची चिठ्ठी, ‘जेंट्स’ खोडून प्रश्नचिन्ह केलेली
२) दोन्ही पाट्यांचे फोटो
३) समितीच्या ठरावाची प्रत
४) मूर्तीचा फोटो, मिशीसह