रिकामी आलेली मोटार

अप्पा, आज मी एका माणसाला मागं ठेवलं आणि तेव्हापासून तुमचीच आठवण येऊन राहिली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण असं काही झालं की सांगायला तुम्हीच लागता. इथं लातुरात मला सगळे मॅडम म्हणतात. आयटीआयमध्ये मॅडम, भाजीवाल्याकडं मॅडम, वरच्या मजल्यावर क्लाससाठी राहणाऱ्या पोरींनाही मी मॅडमच. 'अगं' म्हणणारं माणूस आता उरलं नाही. शिकून वर चढलं की असं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

अर्धापूरच्या आपल्या मोटारी भरायच्या दुकानात केळीवाले विहिरीवरची जळालेली मोटार घेऊन यायचे आणि खाली उतरवायच्या आधीच ओरडायचे, 'अप्पा, बाग वाळून चालली.' तुम्ही मान वर करायचे नाही. जळकी तार काढायचे, वेढे मोजायचे, तेवढेच नवे मारायचे. माझी बोटं बारीक, म्हणून खाचांत तार बसवायचं काम माझं. पोरीला दुकानात का बसवता, असं कुणी विचारलं की तुम्ही म्हणायचे, 'आधी तिचा हात बघा, मग बोला.' ते ऐकायला मिळावं म्हणून मी गिऱ्हाईक आलं की मुद्दाम पुढं सरकून बसायची. पण मी विचारलं, 'अप्पा, इतकेच वेढे का?' की तुमचं डोकं फिरायचं. 'इचारू नको. बघ.' दुसऱ्यांदा विचारलं तर बोटांवर पक्कड बसायची.

मग एका शेतकऱ्यानं एक मोटार आणली. दुसऱ्या कुणीतरी आतली तार आधीच काढून फेकली होती. मोटार रिकामी, मोजायला काहीच नाही. तुम्ही ती उलटी केली, सुलटी केली, आत बोट फिरवलं आणि म्हणालात, 'हे आपल्याकडं न्हाई व्हायचं.' तो बिचारा नांदेडला घेऊन गेला. त्या दुपारी तुमचा डबा तसाच राहिला. पुढच्याच आठवड्यात तुम्ही मला आयटीआयला नाव घालायला नेलं. एसटीत खिडकीबाहेर बघत म्हणालात, 'जा माय, शिकून ये. पण शिकलेलं मला शिकवू नको.' मी हसले. तुम्ही हसला नाहीत.

मी तुमचं ऐकलं. शिकून आल्यावर, रिकामी मोटार आली की मी मोजपट्टी घेऊन मापं काढायची, हिशोब मांडायची आणि तुम्ही समोरच्या हॉटेलात चहाला जायचे. कॉइल बसल्यावरच परत यायचे, झाकण लावायचे, गिऱ्हाइकाला सांगायचे, 'झाली.' वेढे तितकेच का, ते मला कळलं होतं, आणि ते सांगायचं होतं तर फक्त तुम्हाला. तुम्ही कधीतरी विचाराल म्हणून मी वाट बघितली. मग माझी नोकरी लागली, मग तुम्ही गेलात. तुमचा राग येतो मला, अप्पा. अजून येतो.

आज आमच्या आयटीआयमध्ये वायंडिंग, म्हणजे हेच तार भरायचं काम, शिकवायला एक माणूस घ्यायचा होता. शेवटी दोघं उरले. एक लोहा गावचे, दुकान चालवून केस पिकलेले, उतारवयात बाहेरून परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेले. दुसरी हिमायतनगरची पोरगी, डिप्लोमा झालेली, दुकानाची पायरी न चढलेली. साहेब म्हणाले, 'यातलं तुम्हालाच कळतं मॅडम, तुम्ही सांगाल तसं करू.' मी दोघांना एकेक कॉइल बसवायला दिली. दुकानवाल्यांचा हात बघितला तर अगदी तुमचाच. अंगठ्यानं तार दाबायची रीतसुद्धा तुमचीच. पोरीच्या हातनं तार खरवडली, पण लगेच स्वतःच म्हणाली, 'मॅडम, इथं तारेवरचा लेप गेला, ही जळणार,' आणि का जळणार तेही नीट सांगितलं. मग मी विचारलं, मोटार रिकामी आली तर? तिनं हिशोब मांडायला पेन काढला. ते म्हणाले, 'वापस धाडतो.' आणि पोरांना कसं शिकवाल? 'बघतील की. बघून येतंय.'

उठताना ते मला म्हणाले, 'मॅडम, तुमचा हात दुकानातला दिसतो. कुणाकडं शिकलात?' मी म्हटलं, वडिलांकडं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. 'मग काय बोलायचं कामच न्हाई,' म्हणाले आणि काम झाल्यासारखे निघून गेले. मी त्या पोरीचं नाव वर लिहिलं.

डिप्लोम्याचा कागद बघून लिहिलं नाही. तिचा हात वर्षभरात बसेल, मी बसवीन. पण त्यांना या वयात बोलतं कोण करणार? माझ्या पोरांना सांगणारं माणूस पाहिजे. हे सगळं बरोबर आहे आणि तरी संध्याकाळपासून घास उतरला नाही. उद्या त्यांना फोन करून कळवायचं कामही माझ्याकडंच आहे. काय बोलू, ते सुचेना, म्हणून हे तुम्हाला लिहीत बसले. हे कुठं पाठवणार? पण खरं ते सांगते. त्या खुर्चीत आज तुम्ही बसला असता, तरी मी तुम्हाला दुसराच नंबर दिला असता.