अप्पांचं मधल्या वेळचं खाणं

४ मार्च
चि. चिमणीस अ. आ.

तुझं खोकं काल पोचलं. कारखान्यात बाजूला काढलेली मक्याच्या पफची पाकिटं तू मायेनं पाठवतेस, पण आता पुरे. अप्पांचा रक्तदाब पुन्हा चढलाय, पाय सुजून चपलेत मावत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी पाकिटातलं खारट साफ बंद करायला सांगितलंय.

तुझी वहिनी आता मधल्या वेळेला भाजलेले शेंगदाणे, गाजर, सफरचंद देते. हे महाशय बशी तशीच परत पाठवतात! काल माझ्या शिवणयंत्राच्या खणात रिळांमागे तुझ्याच कारखान्याची पाकिटं सापडली. विचारलं तर म्हणाले, उंदरांनी आणली असतील. डोकं कुठे आपटू, तूच सांग.

जीव लावतेस तसाच लाव, फक्त खोक्याविना.
तुझा दादा

११ मार्च
ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रागच आला. दिवसभर त्याच पाकिटांची तोंडं बंद करते मी. घरी आल्यावर मला तो वासही सोसत नाही. पण इतक्या लांबून बापाला दुसरं पाठवू तरी काय? असो. खोकं बंद, शब्द दिला.

एक मात्र कळत नाही. अप्पा हट्टी खरे, पण ताटात कण न टाकणारा माणूस सफरचंदाची फोड परत का पाठवेल? जरा आवाज न चढवता विचारून बघ. उंदरांचं वाचून हसले, हे त्यांना सांगू नकोस.

रागावलेली असले तरी तुझीच,
चिमणी

१७ मार्च
चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

दादा विचारायला आला तो कमरेवर हात ठेवून. असल्या फौजदाराला कोण काय सांगणार? तुला सांगतो. हिवाळ्यापासून कवळी नीट बसत नाही. चावलं की हिरडीत रुतते, डोळ्यांत पाणी येतं. तुझ्या पाकिटातलं तोंडात धरलं की आपोआप विरघळतं, म्हणून खातो. आवडीनं नाही.

सुनेसमोर तोंड वेडंवाकडं करत बसायची लाज वाटते. दादाला यातलं अक्षर कळवू नकोस.

सुखात राहा.
अप्पा

२६ मार्च
चि. चिमणीस अ. आ.

अप्पांचं पत्र तू मला धाडलंस, हे त्यांना कळलंय. तुझ्याशी अबोला धरलाय. माझ्याशीही कालपर्यंत होता. मीही चिडलोच होतो. एवढी साधी गोष्ट, तोंड उघडून सांगायला काय झालं होतं? दातांच्या डॉक्टरांनी नवं माप घेतलंय. तोवर वहिनी सफरचंद वाफवते, शेंगदाणे कुटून केळ्यात कालवते. पहिल्या दिवशी नाक मुरडून झालं, अळणी म्हणून झालं.

काल मात्र त्यांनी वाटी पुढे करून आणखी मागितलं. ती संपवली, पुन्हा मागितलं. हावरटासारखं काय खाता, असं मी बोलून गेलो. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, भूक होती रे, फार दिवसांची.

आता मी चिडू तरी कोणावर, चिमणे?

तू ये. अबोला तुझ्यानेच सुटेल.
दादा