आपोआप भरलेलं तळं

अहो,

तुम्ही फोन घरीच विसरून नाचियारकोविलला गेलात, म्हणून ही चिठ्ठी. मी चैत्राकडे पापनाशमला निघाले आहे. जावयांचा फोन आला होता. पोटातल्या बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय म्हणे, डॉक्टरांनी तिला दवाखान्यात ठेवून घेतलंय. सातवाच महिना आहे हो. तुम्ही घाबरू नका, मी घाबरलेय तेवढं पुरे.

भात झाकून ठेवलाय, रसम गरम करून घ्या.

आता परसातलं तळं. खणलं त्याच रात्री ते आपोआप भरलं, तेव्हा कावेरी आपल्या पावलांनी घरी आली म्हणून तुम्ही गल्लीभर गोड पोंगल वाटलात. हे मागच्या ओढ्याचंच पाणी झिरपलंय, उपसून टाका, तळाला चिकणमाती तुडवून घ्या, असं मी कानीकपाळी ओरडत होते. तुम्ही म्हणालात, तिच्या अंगावर पाय कसा द्यायचा? आता वरच्या धरणातून पाणी सोडणं बंद झालं, ओढा उतरला, आणि त्याच्याबरोबर आपलं तळंही. सकाळी कमळाची पानं चिखलावर लोळताना पाहिली, आणि मागोमाग हा फोन.

माती तुडवायचीच आहे, पण आज नको. आज बोअरचा पंप लावा. वीज गेली तर बादल्यांनी ओता. झिरपून जाईल, ठाऊक आहे मला. जाऊ दे, पुन्हा ओता. चैत्राची खुशाली कळेपर्यंत तळ दिसू देऊ नका.

कामाक्षी